बाबांची २००५ ची होंडा सिटी : विकू की पुन्हा पासिंग करू? (आणि या गाडीत लोकांना नेमकं काय दिसतं?)

काटोलरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरात दोन महिन्यांपासून दोन तट पडलेत, म्हणून इथे आलो.

बाबांची होंडा सिटी झेडएक्स. नोव्हेंबर २००५ चं पासिंग, एमएच-३१ (नागपूर), चांदी रंग, १ लाख १२ हजार किलोमीटर. २०२० मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पाच वर्षं वाढवून घेतली होती, ती या महिन्यात (नोव्हेंबर २०२५) संपतात. एकेकाळी ६०० रुपयांत होणाऱ्या या कामाला २०२२ पासून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. शिवाय पर्यावरण कर वेगळा.

दादा पुण्याहून फोनवर सांगतो की काढून टाका ते डबडं, एखादी उंच एसयूव्ही घ्या. बाबा ७२ वर्षांचे. त्यांचं एकच म्हणणं: "त्या गाडीत चढायला मला स्टूल लागेल, आणि उतरायला तू." आई कोणाच्याच बाजूची नाही, पण मागची डावी सीट तिची आहे आणि ती दुसऱ्या कोणाला बसू देत नाही.

गाडीत दोष फारसा नाही. सकाळी स्टार्ट केल्यावर थोडी फडफडते आणि ॲव्हरेज दोन-तीननं उतरलंय. गॅरेजवाला म्हणतो वय झालं.

सल्ला द्या. आणि एक कुतूहलही आहे. कॉलनीत अजून तीन जुन्या सिट्या आहेत, तिन्ही मालक माझ्या बाबांसारखेच हट्टी. हे काय प्रकरण आहे?

---

तर्रीपोहे

विकायची असन तर आधी मले सांगजा भाऊ. बाकी चालू द्या.

---

चौथा_गिअर

विकू की ठेवू ते नंतर. आधी तुमच्या कंसातल्या प्रश्नाचं बोलतो, कारण खरी मेख तुमच्याच पिढीच्या गाडीत आहे.

आपल्याकडे डिक्कीवाली गाडी (सेडान) म्हणजे कित्येक वर्षं ॲम्बेसेडर नाहीतर पद्मिनी. बरं चाललेल्या माणसाकडे कॉन्टेसा. १९९० ला मारुती १००० आली, तिचं इंजिन ९७० सीसीचं, म्हणजे अंगापेक्षा जीव लहान. १९९४ ला तीच पुढे एस्टीम झाली. मग सिएलो, एस्कॉर्ट, ॲस्ट्रा अशी रांग लागली. होंडानं १९९५ च्या डिसेंबरात सिएल या भारतीय कंपनीबरोबर भागीदारीत कंपनी काढली, ग्रेटर नोएडाला कारखाना टाकला आणि जानेवारी १९९८ मध्ये सिटी आणली. (अवांतर: सिटी हे नाव जपानात १९८१ पासून एका टुमदार हॅचबॅकला होतं. तिच्या डिक्कीत घडी घालून मावणारी मोटोकॉम्पो नावाची स्कूटर सोबत विकायचे. आपल्या सेडानशी तिचं नावापुरतंच नातं. ही सेडान १९९६ ला थायलंडमध्ये आशियातल्या बाजारांसाठी सुरू झाली.)

पहिल्या सिटीत १.३ लिटरच्या इंजिनाला ९० आणि १.५ ला १०० अश्वशक्ती. एस्टीम सुरुवातीला ६५ ची होती, यावरून अंदाज करा. नंतर व्हीटेक इंजिनवाली आली, १०६ ची. वर्धा रोडवर तेव्हा उड्डाणपूल नव्हते, मेट्रो नव्हती. माझ्या मामेभावाच्या व्हीटेकमध्ये बसून मी पहिल्यांदा काटा तिथे गेलेला पाहिला जिथे जायला नको होता. आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांची) सुई ५,००० च्या वर गेली की इंजिनाचा सूर बदलायचा. व्हीटेकमध्ये व्हॉल्व्ह उघडणारा कॅमचा उंचवटा वरच्या आरपीएमला बदलतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा वाटलं होतं, मागून कोणीतरी ढकललं.

आता २००३. अशा गाडीची पुढची पिढी म्हणून होंडानं काय आणावं? ७७ अश्वशक्ती! १०६ वरून ७७. वर दिसायला पुढून बुटकी, मागून उंच. जुन्या सिटीचे भक्त अक्षरशः रडले. मीही त्यातलाच. पुढे जुन्या गाड्यांच्या बाजारात "डॉल्फिन शेप" म्हणून विकल्या जाऊ लागल्या त्या याच. तुमची २००५ ची झेडएक्स म्हणजे हिचंच नाक-डोळे नीट केलेलं रूप.

पण कंपनीनं गिऱ्हाईक बरोबर ओळखलं होतं. या गाडीच्या आय-डीएसआय इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. दोन ठिकाणी ठिणगी पडते, पेट्रोल-हवेचं पातळ मिश्रणही पुरतं जळतं, ॲव्हरेज वाढतं. ताकद कमी, पण १२८ न्यूटन मीटरचा सगळा टॉर्क (चाकं ओढायचा जोर) २,७०० आरपीएमलाच हातात. म्हणजे पंचशील चौकातून लोकमत चौकापर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये निवांत जा, गाडी कुरकुरत नाही. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालून काढून पुढच्या सीटखाली नेली, त्यामुळे मागे पाय लांब करायला जागा झाली. छत उंच, बसायची जागाही जमिनीपासून उंच. बाबांना स्टूल का लागत नाही ते यात आलं: बसायला वाकावं लागत नाही आणि चढावंही लागत नाही. दिवाणावर बसल्यासारखं बसता येतं.

माझं मत असं की सिटी कुटुंबाची गाडी झाली ती २००३ ला, आणि पळणं सोडलं म्हणून झाली. पहिली सिटी मुलगा पसंत करायचा. दुसरी बापानं पसंत केली, आईनं मागे बसून पाहिली आणि चेक फाटला.

---

सदरवाली

चौथा_गिअर, लिहिलंय छान, पण निम्मंच पटलं.

पळणं सोडलं म्हणून लोकांना आवडली म्हणता, मग झेडएक्समध्ये व्हीटेक परत का आणावी लागली? २००८ च्या गाडीला ११८ अश्वशक्ती का दिली? त्या गाडीनं तर बाजार मारला. सगळ्या व्हेरियंटमध्ये एबीएस आणि दोन एअरबॅग, तेव्हा हे इतर कंपन्या टॉप मॉडेललाच द्यायच्या. बाणासारखा आकार. माझ्या लग्नात नवरदेव तिच्यातूनच आला, मोगऱ्याच्या माळांनी वायपर अडकले होते.

नागपूरकरांना सिटी आवडायचं माझ्या मते खरं कारण एसी आहे. हसू नका. मे महिन्यात दुपारी दोनला सिव्हिल लाइन्समध्ये उन्हात लावलेली गाडी उघडून पाहा. पंचेचाळीस अंश बाहेर, आत त्याहून किती ते विचारू नका. छोट्या इंजिनाच्या गाडीत एसी लावला की गाडी चालेना आणि गाडी पळवली की एसी गार करेना. दीड लिटरच्या इंजिनाला तो बोजा जाणवत नाही. ही चैन नाही, नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) जगायची सोय आहे.

---

चौथा_गिअर

एसीचा मुद्दा मान्य. व्हीटेक परत आणली हेही मान्य. पण रस्त्यावर मोजा, झेडएक्समध्ये आठ प्लगवाल्याच (आय-डीएसआय, चार सिलिंडरला दोन-दोन) जास्त दिसतील.

---

पाना_पक्कड

आठ प्लगचा विषय निघालाच आहे तर धागाकर्त्यांना एक विचारतो. गेल्या सर्व्हिसिंगला प्लग बदलले असं गॅरेजवाल्यानं सांगितलं असेल. बिलात किती प्लग लागलेत बघा जरा.

---

काटोलरोडकर

थांबा, बिल शोधतो.

चार.

---

पाना_पक्कड

वाटलंच मला.

सांगतो. बॉनेट उघडलं की या इंजिनाचे पुढचे चार प्लग समोर दिसतात. कॉइल काढा, पाना घाला, अर्ध्या तासात काम. मागचे चार काचेच्या बाजूला, आतल्या भिंतीला लागून आहेत. तिथे हात घालायचा तर वायपर काढा, वायपरखालचं प्लास्टिकचं कव्हर काढा, मग कुठे कॉइल दिसते. कोपऱ्यावरचा मेकॅनिक चार सिलिंडरचे चार प्लग बदलून मोकळा होतो. कित्येकांना मागे आणखी चार आहेत हे ठाऊकच नसतं. गाडी चालूही राहते, कारण प्रत्येक सिलिंडरमध्ये एक तरी ठिणगी पडतेच. फक्त सकाळी फडफडते आणि ॲव्हरेज उतरतं. तुम्ही वर लिहिलंय तेच.

दुसरं, टॅपेट. या इंजिनात व्हॉल्व्हजवळची फट (क्लिअरन्स) हातानं सेट करावी लागते. कधी केलीय का विचारा. टायमिंग बेल्टची चिंता तुम्हाला नाही, २००३ पासूनच्या इंजिनाला चेन आहे. बेल्ट असायचा तो पहिल्या, म्हणजे १९९८ ते २००३ च्या गाड्यांना. कोणी "बेल्ट बदलावा लागेल" म्हणून पैसे मागितले तर नमस्कार करून निघा.

आणि हे वय झालं वगैरे माणसाच्या बाबतीत बोलायचं.

---

तर्रीपोहे

आठ प्लग! माया काकाच्या गाडीत दहा वर्षं चारच बदलून राहिले अस्तीन मंग. काका म्हणे सिटीचं ॲव्हरेज पडते. काकाले फोन लावतो आता.

---

इतवारी_एक्सप्रेस

डिझेलबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

आमचा किराण्याचा होलसेल. इतवारीत दुकान, आठवड्यातून दोनदा यवतमाळ-वणी. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेल मात्र सरकारनं धरून ठेवलं. दोन्हीतला फरक वाढत गेला आणि आमच्यासारखे सगळे डिझेलकडे पळाले. व्हर्ना होती, व्हेंटो होती. सिटीत डिझेल नव्हतंच. शोरूमवाले इंजिन किती गुळगुळीत ते सांगायचे. अहो, गुळगुळीत इंजिन घेऊन काय करू, वणीला जायला माझे दीडपट पैसे लागतात!

शेवटी जानेवारी २०१४ ला डिझेल सिटी आली. १.५ लिटर, १०० अश्वशक्ती, २०० न्यूटन मीटर, सहा गिअर, कंपनीचा दावा लिटरला २६ किलोमीटर. मी पहिल्या वर्षीच घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारनं डिझेलचेही भाव मोकळे केले! हळूहळू फरक मिटत गेला. माझ्या नशिबाला काय म्हणावं.

तरी गाडीबद्दल तक्रार नाही. आवाज ट्रॅक्टरचा, पण बुटीबोरी सोडल्यावर सहाव्या गिअरला एकदा पडली की टाकीचा काटा हलत नाही. २०२३ ला प्रदूषणाचे पुढचे नियम आले आणि सिटीचं डिझेल बंद झालं. आता माझी गाडी जुनी नाही, दुर्मिळ आहे, असं मी बायकोला सांगतो.

---

नीलांबरी

एक बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून लिहिते. सेडान बसकी असते, आणि ते नेहमी चांगलं नसतं.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणी विसरलं नसेल. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत रात्रीतून पाणी घुसलं. आमच्या सोसायटीचं पार्किंग रस्त्यापेक्षा खाली. (सिमेंटचे रस्ते दरवेळी एक थर वर चढतात, घरं तिथेच राहतात.) साडेचारला वॉचमननं बेल वाजवली तेव्हा माझ्या २०१५ च्या सिटीच्या सीटवर पाणी होतं. शेजारची एसयूव्ही चाकांपर्यंतच बुडाली होती, ती दुसऱ्या दिवशी धुऊन चालू लागली.

मी वाचले ते एका गोष्टीमुळे. भाऊ फोनवर ओरडला, "किल्ली फिरवू नकोस." इंजिनात हवेच्या वाटेनं पाणी शिरलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनचा दांडाच वाकतो. शेजारच्या एका काकांनी किल्ली फिरवली. त्यांचा क्लेम नाकारला गेला, कारण पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शनचं कलम घेतलेलं नव्हतं. माझ्याकडेही ते नव्हतं, पण इंजिन कोरडं करून निघालं. सीट, वायरिंग, कार्पेट मिळून जो खर्च झाला तो इथे लिहीत नाही, आई वाचते हा धागा.

काटोल रोड उंचावर आहे, तुम्हाला भीती कमी. तरी जी गाडी ठेवाल तिच्या पॉलिसीत ते कलम बघून घ्या.

---

सदरवाली

नीलांबरी, कार्पेटचा तो वास अजून येतो का? आमच्या ताईच्या गाडीत पुढच्या पावसाळ्यातही यायचा.

---

नीलांबरी

दर जूनला येतो. पहिल्या सरीला.

---

समृद्धीप्रवासी

नवी घ्यायचा विचार असेल तर माझा अनुभव. माझ्याकडे २०२२ ची हायब्रिड सिटी आहे.

२०२० मध्ये आलेली ही पाचवी पिढी, लांबी ४,५४९ मिलिमीटर. पेट्रोलला १२१ अश्वशक्ती. हायब्रिड मे २०२२ ला आली. तिला नेहमीचा गिअरबॉक्सच नाही. हळू चालताना चाकं इलेक्ट्रिक मोटर फिरवते, इंजिन वीज तयार करत राहतं. वेग वाढला की क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. दावा लिटरला २६.५ चा.

आता गंमत ऐका. लोक म्हणतात लांबच्या प्रवासाला हायब्रिड. उलट आहे. मानेवाडा ते सीताबर्डी, सकाळी दहाची गर्दी, दर दोनशे मीटरला ब्रेक: तिथे ही गाडी दाव्याच्या जवळ जाते, कारण ब्रेक मारला की बॅटरी भरते. समृद्धीवर १२० नं क्रूझ लावून शिर्डीला निघालो की ब्रेकच लागत नाही, बॅटरीला काम उरत नाही, इंजिन एकटं ओढतं आणि आकडा झपकन खाली येतो. ९० नं गेलो तर परत वर. पण समृद्धीवर ९० नं कोण जातं?

दुसरी अडचण डिक्की. साध्या सिटीची ५०६ लिटर. हायब्रिडमध्ये बॅटरीनं त्यातला बराच भाग खाल्लाय. दर डिसेंबरात पुण्याला बहिणीकडे संत्र्याचे दोन कॅरेट जायचे, आता एक जातो. दुसरा मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून.

---

चौथा_गिअर

सीटबेल्ट लावलेला कॅरेट डोळ्यांसमोर आला :)

नवी घेताना करही बघा. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांची एक्साइज २४ वरून १६ टक्के केली. तेव्हापासून सेडानच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. मारुतीच्या डिझायरनं तर २०१२ ला शेपूट छाटून चार मीटरच्या आत अंग चोरलं. सिटी मात्र दर पिढीला वाढतच गेली. जीएसटी आणि सेस मिळून मधल्या सेडानला ४५ टक्के पडायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झालेत, छोट्या गाड्यांना १८. फरक अजूनही दांडगा आहे. मारुतीची सियाझ सेडानही २०२५ मध्ये बंद झाली. हा वर्ग आता ओसरतोय, म्हणून जुन्या सिटीवाल्यांचा हट्ट मला समजतो. त्यांना हवी तशी गाडी आता फारसं कोणी बनवतच नाही.

---

पाना_पक्कड

ठेवायची असेल तर आणखी एक गोष्ट. पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल. होंडानं सांगितलंय की १ जानेवारी २००९ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग त्याला चालतात. तुमची २००५ ची, म्हणजे त्यात बसत नाही. लगेच काही होत नाही, घाबरू नका. पण पेट्रोलचे रबरी पाइप आणि ओरिंग एकदा तपासून घ्या, कडक झाले असतील तर बदला. खर्च किरकोळ. गाडी महिनाभर टाकी भरून उभी ठेवू नका, हे पेट्रोल पाणी ओढतं.

आणि ते "पंधरा वर्षांवरची गाडी बंद" प्रकरण दिल्लीकडचं आहे. आपल्याकडे तपासणीत पास झाली की पाच वर्षं मिळतात.

---

तर्रीपोहे

अपडेट: काकाच्या गाडीचे मागचे चार प्लग काढले. एकाची तर टोकावरची पिनच झिजून गेली होती राजेहो. काका गॅरेजवाल्याले शोधून राहिले.

---

काटोलरोडकर

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा.

पाना_पक्कड यांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. माणूस सत्तरीचा, दुकान एका शटरचं. मी "आठही बदला" म्हणालो तर माझ्याकडे पाहून हसला, "कोणीतरी शिकवून पाठवलंय." वायपर निघाले, कव्हर निघालं. कव्हरखाली वीस वर्षांचा कडुलिंबाचा पाला, ओंजळभर. मागचा पहिला प्लग निघाला तो काळा ठिक्कर, आणि त्यावरची अक्षरं पुढच्यांपेक्षा वेगळी. म्हणजे हे कोणीच कधी बदलले नव्हते, कारखान्यातूनच आलेले. टॅपेट सेट केले, दोन पाइप बदलले. सकाळची फडफड गेली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त किल्ली घेऊन खाली गेले आणि तासाभरानं आले. विचारलं कुठे गेला होतात, तर म्हणे फुटाळा तलावापर्यंत, हवा खायला.

१०,००० भरले. तपासणी झाली. पाच वर्षं मिळाली.

दादाला फोटो पाठवला. त्यानं उत्तर दिलं: "ठीक. पण २०३० ला मी घेणार."

---

तर्रीपोहे

अन् मी?

---

काटोलरोडकर

दादानंतर कॉलनीतले एक काका आहेत. रांगेत तुम्ही तिसरे.